भोंगा वाजला की हात कुठं जातो

विमान की हेलिकॉप्टर? आमच्या क्लबात येणारा प्रत्येक माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आत हे विचारतो, आणि त्याचं उत्तर द्यायलाच मला तिथं बसवलेलं आहे. टेबलावर पाटी आहे, 'कॅप्टन दिनकर शिंत्रे, सल्लागार'. सल्लागार म्हणजे काय, तर अडुसष्ट वर्षांचा एक लंगडा म्हातारा, ज्याला आता कुणी उडू देत नाही, पण बोलू देतात.

मी आधी माणूस बघतो. ज्याला कुठंतरी पोचायचं असतं त्याला विमान. रस्त्यात चार माणसं जमलेली दिसली की जो गाडी बाजूला घेऊन काय झालं ते विचारतो, त्याला हेलिकॉप्टर. विमान स्वभावानं गरीब. हात सोडलात तरी आपलं आपण सरळ जात राहतं. हेलिकॉप्टर सदा कुठल्या तरी बाजूला कलंडायच्या बेतात असतं, आणि दोन हात, दोन पाय असे चारही कामाला लावून त्याची समजूत काढत बसावं लागतं. मिरजेचे एक मिठाईवाले आहेत, गजाननराव तांबट. त्यांनी मला विचारलं, मग शहाणा माणूस हेलिकॉप्टर घेतो कशाला? मी म्हटलं, तुमच्याकडे चार आचारी असताना पाकाची तार तुम्ही स्वतः उठून का बघता? हसले आणि हेलिकॉप्टर घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, उडवायचं राहिलंय कुणाला? खरं आहे. प्रवासी विमानात माणसानं उडवायच्या काठीला हात लावणं बंद होऊन आठ वर्षं झाली. फवारणी, रुग्ण नेणं, विजेच्या लाइनी तपासणं, सगळं यंत्रं आपली आपण करतात, आणि सांगायला लाज वाटते, पण आमच्यापेक्षा बरं करतात. त्यामुळं हातानं उडवणं आता घोड्यावर बसण्यासारखं झालंय. निव्वळ हौस. जतच्या पुढं माळावर आमची धावपट्टी आहे, दोन शेड, एक कँटीन, आणि शनिवार-रविवारी हौशी लोकांची ही गर्दी.

शिकायला पूर्वी वर्ष-दोन वर्षं लागायची. आता तीन आठवडे लागतात, ते 'वळणा'मुळं. ते काढणाऱ्या कंपनीनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव ठेवलंय, पण आपल्याकडं मुलाला, हाताला, अक्षराला वळण लावतात, तसं लोक याला वळणच म्हणायला लागले.

ते समजायला फार अवघड नाही. सायकल चालवताना आपण विचार करत नाही. तोल कुठं गेला, हात किती वळवायचा, हे डोक्याच्या मागच्या भागात लहान मेंदू असतो तिथं ठरतं आणि मज्जातंतूंतून हाताला निरोप जातो. विचार मागून येतो. कंपनीनं हे निरोप टिपणारी टोपी आणि बाह्या काढल्या. मुरलेल्या वैमानिकाला त्या चढवून तीन महिने सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटमध्ये, बसवायचं आणि कुठल्या धक्क्याला हातानं काय केलं ते सगळं टिपून घ्यायचं. मग शिकाऊ माणसाला तशीच टोपी, तशाच बाह्या घालून तेच निरोप उलट्या वाटेनं पोचवायचे. बाह्या त्याचे स्नायू हलवतात, त्याच क्षणी टोपी लहान मेंदूला विजेचा हलका स्पर्श करते, आणि मेंदूची खात्री पटते की हे आपण स्वतःच शिकलो. रोज दोन तास, तीन आठवडे. तेवढ्यात वीस वर्षांचा हात तयार होतो.

एका माणसाला वळण मात्र एकच. विमानाचं घेतलं की हेलिकॉप्टरचं मिळत नाही, हेलिकॉप्टरचं घेतलं की विमानाचं नाही. म्हणून तर माझ्यासमोर लोक इतका विचार करतात. त्यांना मी भोंग्याचं सांगतो. विमानाचा वेग फार कमी झाला की पडायच्या आधी भोंगा वाजतो. तेव्हा काठी पुढं ढकलायची, नाक खाली करायचं, वेग परत येतो. हेलिकॉप्टरमध्ये वरच्या पंख्याचे फेरे कमी पडले की जवळजवळ तसाच भोंगा वाजतो. तिथं डाव्या हातातला दांडा खाली करायचा आणि उजव्या हातातली काठी किंचित मागं घ्यायची. पुढं ढकललीत तर पंखा अजून मंदावतो, आणि जमीन जवळ असेल तर सावरायला वेळ उरत नाही. भोंगा तोच, काठी तशीच, उत्तर उलटं. एका हातात दोन्ही वळणं असली तर ऐन वेळी कुठलं वर येईल याचा भरवसा नाही.

हे सगळं मी घोकल्यासारखं सांगतो. माझ्या हातात दोन्ही आहेत, एवढं सांगत नाही.

एकोणीस वर्षं मी फवारणीची विमानं उडवली, द्राक्षांवर आणि कापसावर, गुडघ्यांमधल्या काठीवर उजवा हात ठेवून. मग विमानांची कामं आटली आणि मी हेलिकॉप्टर शिकलो. बारा वर्षांपूर्वी अपघातात पाय गेला, तेव्हा एका वीज कंपनीसाठी घाटमाथ्यावरच्या लाइनी तपासत होतो. पाय गेला तरी हात शाबूत होते, आणि वळणाच्या कंपनीला हातच हवे होते. इंजिनिअर म्हणाले, विमानाचा भाग रंधा मारल्यासारखा काढून टाकू. मी टोपी घालून बसलो. आपण गेल्यावर आपले हात तरी उडत राहतील, असं मनात होतं. म्हातारपणी माणसाला काय काय सुचतं.

देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचा नियम आहे. यादीत फक्त 'हेलिकॉप्टर-दोन' लिहिलंय. तो मी. आजवर दोनशे बारा लोकांनी तो हात घेतलाय. सगळे म्हणतात, फार मऊ हात आहे.

सुरुवातीला मला मोठी गंमत वाटायची. वळणाबरोबर देणाऱ्याच्या बारीकसारीक सवयीही येतात, त्या गाळता येत नाहीत. मला अंगठा तर्जनीवर घासायची खोड आहे. गजाननराव तीन आठवड्यांनी कँटीनमध्ये भेटले तर बसल्या बसल्या अंगठा घासत होते. निघण्याआधी मी समोरच्या घड्याळांच्या काचेवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवतो. एक दिवस शेडमध्ये उभा होतो आणि एका ओळीतल्या तीन हेलिकॉप्टरांमधून एकामागोमाग एक टकटक आली. तीन अनोळखी माणसं, त्यांतली एक बँकेतून निवृत्त झालेली बाई, आणि तिघांच्या मनगटांवर माझा हात. मी आपला काठी टेकत कँटीनमध्ये गेलो आणि चहा मागवला.

त्यानंतरची गोष्ट गेल्या दिवाळीच्या आधीची. दुपारची चहाची वेळ होती. आमचे मेकॅनिक इस्माईल जमादार शेडमध्ये एका हेलिकॉप्टरची वायर बदलून भोंगा वाजतो का बघत होते. शेडचं दार उघडं होतं. भोंगा कडाडला आणि कँटीनमध्ये तीन कप टेबलावरून पुढं ढकलले गेले. गजाननरावांचा, बँकेतल्या बाईंचा आणि सांगलीच्या एका वकिलाचा. चौथा कप माझा. बाकीच्यांनी नुसत्या माना वळवल्या.

"काय दचकलो राव," म्हणून गजाननराव हसले. सगळे हसले. पोरांसारखे एकमेकांच्या शर्टावरचा चहा पुसत बसले. मी टेबलाखाली माझा हात मांडीवर दाबून धरला होता.

इंजिनिअरांना हे कधी दिसलं नव्हतं, कारण परीक्षेत भोंगा वाजणार हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत असलं की विचार आधीच हातावर येऊन बसतो आणि काठी मागं येते. मीही टोपी घालून तसाच पास झालो होतो. पण अवचित वाजला की विचाराच्या आधी जो हात जातो, तो रंध्यानं निघाला नव्हता. खऱ्या उड्डाणात हा भोंगा वर्षानुवर्षं वाजत नाही, म्हणून तो हात घेतलेली सगळी माणसं अजून जिवंत होती.

इस्माईलभाईंनी खिडकीतून बघितलं होतं. नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, साहेब, दचकल्यावर चौघांचाही उजवाच हात कसा, आणि पुढंच कसा? मी म्हटलं, भोंग्याची तपासणी सकाळी करत जा, लोक चहा पिताना नको. ते बरं म्हणाले. झालं. एवढंच मी केलं.

तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं ते सांगतो. हात असा का जातो, हे कंपनीनं विचारलं असतं. मग कधी असं झालंय का, हे विचारलं असतं. झालंय. एकदाच. बारा वर्षांपूर्वी, घाटावरच्या एकशे अठरा नंबरच्या मनोऱ्यापाशी.

माझ्याबरोबर त्या दिवशी उल्हास कोपर्डे होता. वीज कंपनीचा लाइनमन, तारांचे फोटो काढायचं काम त्याच्याकडं. चार वर्षं आम्ही बरोबर उडालो. मी काचेवर टकटक केली की तो दर वेळी विचारायचा, "दार वाजवताय का साहेब? आत कोण आहे?" दर वेळी तेच, आणि दर वेळी मला हसू यायचं. मनोऱ्याशेजारी आम्ही हवेत उभे होतो, वारा पडला, यंत्रावर ताण आला, भोंगा वाजला. आणि माझा उजवा हात, फवारणीची एकोणीस वर्षं केलेला हात, पुढं गेला. काय केलं हे मला कळेपर्यंत झाडं काचेत आली होती.

उल्हास जागच्या जागी गेला. मी तीन आठवड्यांनी चौकशी समितीसमोर बसलो तेव्हा पाय कापलेला होता आणि डोकं औषधांनी जड होतं. हे मी स्वतःला फार वर्षं सांगितलं, पण डोकं तेवढं जड नव्हतं. उल्हासच्या बाजूलाही एक काठी होती, आणि त्याची कॅमेऱ्याची पिशवी अवशेषांत पुढच्या बाजूला सापडली होती. उड्डाणात ती मागं पट्ट्यानं बांधून ठेवायचा नियम. समितीतल्या एकानं विचारलं, पिशवी कुठं होती? मला कळलं की हे दार माझ्यासाठी उघडं ठेवलंय. मी म्हटलं, "मांडीवर."

एकच शब्द. पिशवी घसरून काठीत अडकली, लाइनमनचा निष्काळजीपणा, असा अहवाल आला. मेलेल्या माणसाला कुणी उलट विचारायला जात नाही.

त्याच्या पुढच्या संक्रांतीला माझ्याकडं एक स्टीलचा डबा आला. आत तिळाचे लाडू आणि उल्हासच्या बायकोची चिठ्ठी. आमच्या माणसाकडून चूक झाली, तुमचा पाय गेला, मनात राग ठेवू नका, असं लिहिलं होतं. लाडू मला खाता आले नाहीत, मुंग्यांनी खाल्ले. आपल्याकडं कुणाचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत, काहीतरी घालून पाठवतात. काय घालणार होतो मी? डबा राहिला. पुढच्या वर्षी दुसरा आला. सगळे त्यांच्या लग्नात आलेले, झाकणांवर नावं कोरलेली. कुणा मामांकडून सप्रेम भेट, कुठल्या मित्रमंडळाकडून सप्रेम भेट. अकरा वर्षांत माझ्या खोलीत अकरा डब्यांची उतरंड झाली.

बारावा डबा या जानेवारीत पोस्टानं आला नाही. तो घेऊन एक मुलगी माझ्या टेबलासमोर उभी राहिली. सव्वीस वर्षांची, केस आखूड कापलेले, खांद्याला सॅक. ड्रोननं जमिनीची मोजणी करायचं काम करते म्हणाली, नाव सानिका, उल्हास कोपर्ड्यांची मुलगी. डबा टेबलावर ठेवून ती वाकून माझ्या पाया पडली. एक पाय लाकडी आहे हे ध्यानात आल्यावर तिचा हात तिथं अडखळला.

"काका, बाबांनी पिशवी मागं बांधली असती तर हा पाय राहिला असता," ती म्हणाली. "आई दर वर्षी म्हणते, जाऊन भेटून ये. मलाच तोंड दाखवायला होत नव्हतं."

मी बस म्हटलं, चहा सांगितला, तिच्या आईची चौकशी केली. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, रोज थेंब घालावे लागतात. मी डब्याकडं बघत होतो. यावर कुणा आत्याबाईंचं नाव होतं.

मग तिनं सांगितलं, शिकायला आलेय. हेलिकॉप्टर, आणि दोन नंबरचं वळण, सगळे चांगलं म्हणतात. कुणाचं आहे हो ते? मी म्हटलं, नावं गुप्त असतात.

त्या दिवशी मी विमानाची जेवढी स्तुती केली तेवढी उभ्या जन्मात केली नसेल. विमान सुरक्षित, विमान लांब जातं, गोव्याला जाऊन परत येशील, हेलिकॉप्टर म्हणजे नुसता कंबरेचा खुळखुळा. ती शांतपणे ऐकत होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, "विमानाला थांबता येत नाही ना, काका?"

नाही, म्हटलं.

"मग नको. एकशे अठरा नंबरच्या मनोऱ्यापाशी मला थांबायचंय. बाबांनी शेवटचं काय बघितलं ते नीट बघायचंय. विमानातून ते नुसतं मागं पडेल."

मी तिला रक्तदाब पुन्हा तपासून आण म्हटलं, तिनं रिपोर्ट आणून दिला. एक नंबरचं वळण घे म्हटलं, तर म्हणाली त्याची यादी दिवाळीपर्यंत भरलीय. टोपी बिघडलीय म्हटलं, तर इस्माईलभाई मागून म्हणाले, कालच दुरुस्त केलीय. तिचं वळण सुरू झालं. उद्या सांगू, असं मी रोज ठरवलं. आज तर ती नुसती खोलीत टोपी घालून बसलीय, हवेत कुठं जातेय, अशी मी माझीच समजूत घालत राहिलो. भ्याडपणाला इतकी निमित्तं सापडतात की विचारू नका.

तीन आठवडे संपले त्या दिवशी ती पेढे घेऊन आली. उद्या पहिलं उड्डाण. टेबलावर बाराव्या डब्याची जागा मी बदलली नव्हती. ती म्हणाली, काका, हा अजून उघडलापण नाही? आणि झाकणावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं.

माझा हात. उल्हासच्या मुलीच्या मनगटावर. मला त्याचा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला की मी शेजारच्या खुर्चीकडं बघितलं. आत कोण आहे, साहेब?

मी उठलो. सिम्युलेटरमध्ये ये म्हटलं.

ती उजवीकडं बसली, मी मागं शिकवणाऱ्याच्या जागी. पडद्यावर घाट लावला, मनोरे, तारा, खाली जंगल. तिनं काचेवर टकटक केली आणि हेलिकॉप्टर उचललं. मनोऱ्यापाशी आणून हवेत असं उभं केलं की पाणी हललं नसतं. माझ्या सर्वांत चांगल्या दिवसांत मी असाच उडायचो. मला त्या हाताचा अभिमान वाटला, हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटला. मी तिला विचारलं, आई लाडवांना गूळ कुठला वापरते? ती म्हणाली, कराडचा, चिक्कीचा वेगळा आणि लाडवांचा...

मी भोंग्याचं बटण दाबलं.

तिचा उजवा हात पुढं गेला. पडद्यावर झाडं आली, मोठी झाली, आणि पडदा राखाडी झाला. भोंगा मी बंद केला. ती समोर बघत होती.

"असं कसं केलं मी?" ती म्हणाली. "मागं घ्यायचं असतं. मला माहीत होतं. परवा पेपरात लिहिलंय मी."

"तू काही केलं नाहीस, बाळ. तो माझा हात आहे. दोन नंबर म्हणजे मी."

तिला लगेच उमगलं नाही. मग मी पडद्यावर लावलेला मनोरा तिनं बघितला, राखाडी पडदा बघितला, काठीवरचा स्वतःचा हात बघितला. जमिनी मोजणारी मुलगी ती. तिनं वळून एकच गोष्ट विचारली, समितीनं विचारली होती तीच.

"पिशवी कुठं होती?"

"मागं," मी म्हटलं. "पट्ट्यात. त्यानं माझ्यासमोर बांधली होती."

तिनं हात काठीवरून उचलला आणि अंगापासून लांब धरला, काहीतरी सांडल्यासारखा. रडली नाही. म्हणाली, "काल रात्री याच हातानं आईच्या डोळ्यांत थेंब घातले मी." मग डाव्या हातानं पट्टा सोडायला लागली. तो तिला सुटेना. मी पुढं झालो तर नको म्हणाली. बराच वेळ लागला तिला.

त्याच संध्याकाळी मी कंपनीला आणि चौकशी कार्यालयाला लिहून कळवलं. दोन नंबरच्या सगळ्या लोकांची उड्डाणं कंपनीनं तिथल्या तिथं थांबवली. इंजिनिअरांनी बारा जणांना न सांगता भोंगा ऐकवला. अकरा हात पुढं गेले. वळण पुसायला दीड महिना लागतो, रोज थोडं थोडं. गजाननरावांनी मला फोन केला. मला वाटलं शिव्या घालतील. ते म्हणाले, हात परत घेणार म्हणे हो काका, पाकाची तार मी आता या अंगठ्यानं बघायला लागलो होतो. मग म्हणाले, भोंगा वाजला असता तर आम्ही मेलो असतो ना? मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

मार्चमध्ये मी कडेगावला उल्हासच्या घरी गेलो. बारा डबे पोत्यात घालून, सगळ्यांत वरच्या डब्यात माझ्या जबाबाची प्रत. इस्माईलभाईंनी गाडी चालवली, ते बाहेरच थांबले. दार सानिकानं उघडलं. जेवणं चालली होती. ती पुन्हा जाऊन ताटावर बसली आणि डाव्या हातानं जेवायला लागली. आपल्याकडं डाव्या हातानं जेवणाऱ्या पोराला आया ओरडतात. तिच्या आईनं, शालनवहिनींनी, नुसतं तिच्याकडं बघितलं. उजवा हात पुसून व्हायला अजून तीन आठवडे होते.

मी डबे ओळीनं ठेवले. शालनवहिनींनी एकेका झाकणावरचं नाव बोटानं चाचपलं. वरचा डबा उघडून कागद काढला, ऑपरेशनच्या चष्म्यातून लांब धरून सगळा वाचला. मी सांगायला लागलो, वहिनी, माझ्याकडून, आणि त्यांनी हात वर केला.

"तुमचं राहू द्या, साहेब," त्या म्हणाल्या. "मी माझं सांगते. बारा वर्षं रोज संध्याकाळी मी त्यांच्या फोटोला दिवा लावते. रोज. आणि रोज लावताना एकदा तरी भांडते. काय अडलं होतं पिशवी मांडीवर घ्यायला, म्हणते. पोरीचा तरी विचार करायचा होता, म्हणते. एकदा तर नवरात्रात चार दिवस दिवा लावला नाही, इतकी चिडले होते." त्यांनी कागदाची घडी घातली. "त्यांनी बांधली होती. आता ते सगळं बोललेलं मी परत कसं घेऊ, ते सांगा."

आत घड्याळ वाजत होतं आणि सानिकाचं डाव्या हातानं भात कालवणं चाललं होतं. त्या उठल्या, अकरा डबे आत फडताळात नेऊन ठेवले, आणि बारावा, ज्यातून कागद काढला होता तो, माझ्या हातात दिला. उघडाच, आत काही नाही. उल्हासच्या घरातून कुणाचं भांडं कधी असं गेलं नसेल.

"हा असू द्या तुमच्याकडं," त्या म्हणाल्या.

क्लबातली माझी पाटी आता काढलीय. चौकशी पुन्हा उघडलीय, दोनदा जाऊन आलो, अजून जायचंय. सानिकाचा हात पुसून झाला असं इस्माईलभाईंकडून कळलं. विमान नाही, हेलिकॉप्टर नाही, ती चालत त्या मनोऱ्यापर्यंत जाऊन आली म्हणे, दोन दिवस लागले. दोनशे बारा मनगटांवरून माझा हात उतरला. आता तो एकाच ठिकाणी आहे, आणि इथून तो पुसायची सोय नाही.

डबा खिडकीशी ठेवलाय. जाता-येता हात आपला आपण झाकणावर दोनदा वाजवतो. उल्हास विचारतो, आत कोण आहे, साहेब? मी रोज झाकण काढून तळाच्या चकचकीत स्टीलमध्ये बघतो आणि त्याला सांगतो.